टॉवर आले म्हणून रस्ता सुधारला? कुठल्या लालबागमध्ये राहता हो?

गल्लीतला: परवा इथे एकाने लिहिलं की टॉवर आल्यापासून लालबाग-परळ "एकदाचं राहण्यासारखं" झालं, टपऱ्या गेल्या, फुटपाथ मोकळे झाले. गप्प बसणार होतो, नाही जमलं. अहो मोकळे नाही, ओस पडलेत. आमच्या चाळीच्या तळाला सहा गाळे होते, पिठाची गिरणी, न्हावी, वाणी, इस्त्रीवाला आणि दोन कायम भांडणारे टेलर. भारतमाताचा शेवटचा शो सुटला की बायका एकट्या चालत यायच्या कारण कठड्याला कोणी ना कोणी टेकलेलं असायचंच. आता तिथे उंच भिंत, भिंतीवर सात मजले नुसत्या गाड्या (याला म्हणे पोडियम), आणि माणूस सुरू होतो आठव्या मजल्यावर. हाक कुणाला मारायची, पार्किंगला? 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेला आणि एक तृतीयांश म्हाडाला होता. 2001 ला तो वाटा गिरणीच्या इमारतींखालची जमीन सोडून फक्त रिकाम्या जमिनीपुरता केला आणि 2006 ला सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. मैदानं तिथेच गेली.

पोडियमवाला: ती पोस्ट माझीच. गिरण्या टॉवरने बंद पाडल्या नाहीत, 1982 च्या संपानंतर त्या सावरल्याच नाहीत, हे आधी लक्षात घ्या. मी कर्ज काढून घर घेतलंय, कोणाचं लुटलेलं नाही. आणि तुमचा तो जिवंत रस्ता म्हणजे काय ते दर भाद्रपदात बघतो, महिनाभर आधी मंडप, अर्धा रस्ता बंद, गेल्या वर्षी वडिलांना छातीत दुखायला लागलं तेव्हा अँब्युलन्स वीस मिनिटं नाक्यावर अडकली होती.

मंडळाचा_पोऱ्या: मंडपावर यायचं काम नाही!! आमची पोरं स्वतः पुढे पळून अँब्युलन्सला वाट करतात.

पोडियमवाला: त्या दिवशी कुठे होती पोरं? आणि मंडपासाठी रस्त्यात खड्डे कोण खणतं?

मंडळाचा_पोऱ्या: खड्ड्याचा दंड भरतो आम्ही. 2025 ला महापालिकेने 2 हजाराचा 15 हजार केला होता, ओरड झाली तेव्हा परत 2 हजारावर आले. बिल्डर वर्षानुवर्षं पत्रे ठोकून फुटपाथ गिळतो, त्याला विचारलंत कधी? आणि साहेब, वर्गणीला दार उघडत नाही तुमची सोसायटी, पण दर्शनाच्या पासासाठी फोन कोणाला येतात ते सांगू का इथे?

पोडियमवाला: मी कधीच पास मागितलेला नाही. (बायकोने मागितला असेल तर तो विषय वेगळा.)

डेसिबल: पास सोडा, डीजेचं बोला. आमच्या काचा थरथरतात.

मंडळाचा_पोऱ्या: आमच्याकडे ढोल-ताशा असतो. डीजे बाजूच्या मंडळाचा.

डेसिबल: बाजूचं मंडळ नेमकं हेच सांगतं.

जिना: धागा टॉवरचा होता ना? गिरण्यांच्या जागी हजारो लोकांची ऑफिसं आली, एल्फिन्स्टन स्टेशनचा पादचारी पूल तोच अरुंद राहिला. 29 सप्टेंबर 2017, तिथल्या चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. मी त्या दिवशी लेट मार्क नको म्हणून एक गाडी आधीची पकडली होती. बाकी डीजे चालू द्या तुमचा.

माहेर_करीरोड: गल्लीतला भाऊ, कठड्याला टेकायला तुम्ही होतात, आम्ही नळावर होतो. दहा बाय बाराच्या खोलीत सात जण, मजल्याला चार संडास, आठव्या महिन्यात डबा घेऊन रांगेत उभी राहिलेय मी आणि मागून "आटपा लवकर" ऐकलंय. वरळीला बीडीडी चाळवाल्यांना 160 फुटांच्या खोलीबदली 500 फुटांचं घर मिळतंय, कोण नाही म्हणेल? त्या चाळीसाठी रडू नका माझ्यासमोर. पण हेही लिहिते, आई आता एकोणिसाव्या मजल्यावर आहे आणि खाली उतरतच नाही. तीस वर्षं दारात बसून वाटा लावणारी मासेवाली, तिला वॉचमन गेटातून आत घेत नाही. "वास येतो" म्हणे. आई फोनवर मला विचारते, आज बाजारात काय आलंय गं? मी डोंबिवलीला!

गल्लीतला: ताई, नळाचं आणि संडासाचं तुमचं बरोबर, तिथे आमची बोलतीच बंद. पण घर मोठं करायला गाळे मागच्या बाजूला का ढकलावे लागतात, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. आमचा न्हावी आता पोडियमच्या मागे असतो. गिऱ्हाईक त्याला शोधत फिरतं.

पोडियमवाला: मासेवालीचं मान्य. कमिटीत विषय काढतो, पडणार आहे हे माहीत असून काढतो. मंडपाचं मान्य नाही म्हणजे नाही.

मंडळाचा_पोऱ्या: नका करू. यंदा आरतीला या, पास लागत नाही आरतीला.

पोडियमवाला: बघू. गल्लीतला, तो न्हावी नक्की कुठे बसतो? मॉलमध्ये केस कापायला आठशे घेतात.

गल्लीतला: तुमच्याच बिल्डिंगखाली, महाशय. मागच्या गेटने या. पुढच्या गेटला विचारलंत तर असा कोणी न्हावी इथे नाहीच म्हणून सांगतील.