धामणगाव गढीचा घाट मुळात कोणासाठी?

दर्यापूरकर : पोळा आटोपला की आई-बाबांना चिखलदऱ्याला नेण्याचा विचार आहे. धामणगाव गढीच्या घाटाने मी अनेकदा गेलो आहे. परंतु खाली अचलपूर-परतवाड्यासारखी नांदती गावे असताना एवढ्या उंचावर वाट काढण्याची गरज मुळात कोणाला पडली, हे कधी कळले नाही. शिवाय बाबांना वळणांचा त्रास होतो. त्यांच्यासाठी घटांगचा रस्ता बरा पडेल का?

निवृत्त गुरुजी, अचलपूर : गरज आधी किल्ल्याची होती, थंड हवेची फार नंतर. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला बहमनी सुलतान अहमदशाहाने १४२५ च्या सुमारास बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे असताना, डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी त्यास वेढा घातला. किल्ल्याची उत्तर बाजूच मारा करण्याजोगी होती. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरदऱ्यांतून स्वतःच वाट फोडत, जवळजवळ सारे अंतर हातांनी ओढत अवजड तोफा तिकडे नेल्या, आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. पठाराची थंड हवा हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेत भरली ती १८२३ साली. आजचा डांबरी घाट म्हणजे तोफांचीच वाट, असे मात्र समजू नये.

परतवाडेकर : गुरुजींनी इतिहास सांगितला, मी प्रवासाचे सांगतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे. कपाशी-तुरीची काळी राने मागे पडून साग सुरू होतो, आणि पुढे कोणत्या वळणावर उकाडा संपला हे ध्यानातही येत नाही. या घाटाचे मोल मला तरी त्यातच वाटते, वरच्या पॉइंटांवरच्या गर्दीत नाही. घटांगचा रस्ता लांबचा आहे आणि वळणे तिकडेही सुटत नाहीत. तेव्हा बाबांना पुढच्या आसनावर बसवावे, सकाळी हलके खाऊ घालावे आणि गाडी सावकाश चालवावी. पोळ्यानंतरही धुके दाट असू शकते. घाट उतरण्याच्या दिवशी वरची रबडी मुळीच खाऊ नये. हा सल्ला अनुभवाचा आहे.

दर्यापूरकर : गुरुजी, परतवाडेकर, दोघांचाही आभारी आहे. घाटानेच जाऊ आणि गाविलगडाची उत्तर बाजू आधी पाहू. रबडीचे मात्र बाबांना तुम्हीच समजावावे, माझे ते ऐकणार नाहीत.