खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) बारीक व्हायलेत, बंदी हाच उपाय का?

होटगी_रोड:
नमस्कार मंडळी, आपण सोलापूरचे, पण बहीण दिलीय रत्नागिरीकडं, खाडीकाठच्या गावात. तिच्या सासूबाई आणि वाडीतल्या बायका ओहोटीला तिसऱ्या काढतात, त्यावरच घर चालतं. आता माल कमी आणि निघतोय तो नखाएवढा, तरी विकला जातो कारण घेणारे घेतात. गावात काहीजण म्हणतायत दोन वर्षं सगळंच बंद करा. मला हे अजिबात पटंना, बायकांनी खायचं काय? दुसरीकडं कसं करतात?

भीमाकाठ:
आधी खाडीत वाळूउपसा चाललाय का ते विचारा. तिसरी वाळूत-चिखलात पुरून राहते, पिल्लं आधी पाण्यात तरंगतात मग तळाला बसतात, तळच उपसला तर बसणार कुठं? भीमेचं काय झालं आपण डोळ्यानं बघितलंय, खड्डे पडलेत नुसते. उपसा चालू ठेवून बायकांवर बंदी घालणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

कोकणची_लेक:
मी सिंधुदुर्गची, लग्नानंतर सोलापुरात. जून-जुलैची मासेमारी बंदी यांत्रिक बोटींना असते, हातानं वेचणाऱ्यांना नाही, त्यामुळं तिसऱ्यांचा नियम गावानंच ठरवावा लागतो. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी खाडीत हेच झालेलं, १९९० च्या दशकात उत्पादन घसरलं, मग केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या सल्ल्यानं अंडी घालायच्या महिन्यांत काम बंद, जाळीचा आस (भोकाचा आकार) किमान ३० मिमी, आणि एका किलो मांसात १४०० पेक्षा जास्त नग भरले तर तो माल निर्यातीला नाही. मासेमार, व्यापारी सगळ्यांनी पाळलं, आणि २०१४ ला शाश्वत मासेमारीचं एमएससी प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलं. म्हणजे कायमची बंदी नाही, ठरलेले महिने आणि ठरलेला आकार. आकड्यांची नक्कल मात्र करू नका, आपल्या खाडीतली जात आणि हंगाम वेगळा असू शकतो, आधी मत्स्य विभागाला विचारा. आणि बारीक माल काठावर आणून निवडू नका, तिथंच चाळून तिथंच वाळूत सोडा, उन्हात पडला की मेला.

होटगी_रोड:
ताई लई उपयोगी सांगितलंत. उपसा चालूय म्हणे, रात्री. काठची खारफुटीपण तोडलीय बोटी लावायला. तक्रार कुणाकडं करायची?

भीमाकाठ:
वाळूचं तहसीलदारांकडं, लेखी द्या आणि पोच घ्या. खारफुटीसाठी वनविभागाचा कांदळवन कक्ष आहे. खारफुटी तोडण्यावर हायकोर्टाचीच बंदी आहे, २०१८ च्या निकालात भोवतीचा ५० मीटर पट्टापण मोकळा ठेवायला सांगितलंय, तेवढं अर्जात लिहा.

कोकणची_लेक:
फोटो तारखेसकट जोडा. आणि अर्जावर सह्या वेचणाऱ्या बायकांच्या घ्या, नुसत्या पुरुषांच्या नकोत. खाडीत रोज त्या उतरतात, कुठं काय होतं ते त्यांनाच माहिती.