तिरंगा घालायचा की नाही, आणि नंतरचे कागद

गावच्या पोरांना भरतीसाठी पहाटे पळवणाऱ्या माजी सुभेदारांच्या पार्थिवावर तिरंगा घालावा का, असं एकाने विचारलंय. मन हो म्हणतं. पण शासकीय, सैनिकी किंवा निमलष्करी दलाच्या इतमामातच तो घालता येतो. म्हणून घरच्यांनी आधी बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्री सेंटरला किंवा सैनिक कल्याण कार्यालयाला फोन करून इतमाम मिळेल का ते विचारावं. मिळाला तर केशरी पट्टा डोक्याकडे ठेवा. अग्नी देण्याआधी ध्वज उतरवायचाच. गर्दीत नेमकं हेच राहून जातं. घडी घालताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडा, मग दोन्ही टोकं आत घ्या, म्हणजे चक्र वर दिसतं. दोन्ही तळहातांवर धरून तो काकूंच्या, म्हणजे सुभेदारांच्या पत्नीच्या हाती द्या.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. आपल्या सीमाभागात खरं घोडं अडतं ते नावात: डिस्चार्ज बुकात (सैन्यातून निवृत्त होताना मिळालेल्या पुस्तकात) एक स्पेलिंग, कन्नड मृत्यू दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरंच. फॅमिली पेन्शन तिथेच लटकते. दाखल्याचा अर्ज भरतानाच डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. पीपीओवर काकूंचं नाव नसेल तर लगेच सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा.