अनुभव धागा: हक्काचं मागायला गेलात तेव्हा सोबत कोण होतं?

मावळतीकर
आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिक संघात मी कागदपत्रांचं बघतो. बघतो म्हणजे काय तर फॉर्म भरणे, झेरॉक्स काढणे आणि लोकांसोबत ऑफिसात बाकावर जाऊन बसणे. 1 ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो, शाल श्रीफळ गुलाबाचं फूल भाषण सगळं यथासांग होतं, आणि दुसऱ्या दिवशी तोच शालवाला माणूस उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याच्या दारात उभा. म्हणून म्हटलं धागा काढू. 2007 चा आईवडील आणि ज्येष्ठांचा कायदा, पेन्शन, एसटी, बँक, काहीही चालेल. कुठे गेलात, काय मागितलंत, काय पदरात पडलं आणि सोबत कोण आलं एवढं लिहा. ऑफिसांची नि माणसांची नावं नकोत. "हल्लीची पिढी" आणि "आमच्या वेळी" या विषयांवर वेगळा धागा काढा, तिथे मी येणार नाही 😄

निंबोणी
मी लिहिते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी, वय 78, नवरा गेल्यावर मुलाने पासबुक स्वतःकडे घेतलं आणि औषधाला पैसे मागितले की "बघू". मारहाण वगैरे काही नाही, जेवायला पण मिळायचं, त्यामुळे बाहेरच्याला सगळं छानच दिसत होतं. आमच्या महिला मंडळातल्या एकीला माहीत होतं की प्रांत ऑफिसात याच 2007 च्या कायद्याखालचं निर्वाह न्यायाधिकरण असतं, तिथे साध्या कागदावर अर्ज चालतो, वकील लागत नाही. आजी महिनाभर नाहीच म्हणत होत्या. मग एक दिवस स्वतःच आल्या, म्हणाल्या "त्याच्यावर केस नको गं, फक्त गोळ्यांचे द्यायला सांगा त्याला."

सुनावणी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. म्हाताऱ्यांचा कायदा आणि दुसरा मजला, असो. आजींनी पिशवीतून काय काढलं माहितेय का, बीपीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, महिन्यावारी रबर लावून ठेवलेली, दोन वर्षांची. बिलं नव्हतीच कारण बिलं मुलाकडे. प्रांत मॅडमनी ती पाकिटं टेबलावर मांडून घेतली, आजींना ऐकू कमी येतं म्हणून खुर्ची स्वतःच्या शेजारी ओढायला लावली आणि मुलाला विचारलं, यातली कुठली गोळी कशासाठी आहे सांगता का. त्याला एकही सांगता आली नाही. आपल्याकडे महिना जास्तीत जास्त दहा हजारापर्यंत मिळू शकतात, आजींना सहा हजार लावून दिले आणि पासबुक परत. काही महिने पैसे आले मग बंद पडले, मग परत अर्ज. हुकूम मोडला तर वॉरंट निघतं आणि महिनाभर आतही जावं लागू शकतं हे कळल्यावर तो सुरळीत झाला. आता दोघं एकाच घरात राहतात, तो पहिल्या आठवड्यात ट्रान्सफर करतो, आजी खिचडी करून त्याला वाढतात. बोलणं फारसं नाही.

मंडळातल्या बायका आळीपाळीने जायच्या हे महत्त्वाचं, कारण तारीख पुढे ढकलली की एकटं माणूस तिथेच सोडून देतं.

डबल बेल
मी एसटीत कंडक्टर आहे तर आमची बाजू पण ऐका. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 च्या पुढच्यांना साध्या गाडीपासून एसीपर्यंत सगळं फुकट, 65 ते 75 ला अर्धं तिकीट. योजना एक नंबर आहे, खोटं नाही बोलत, खेड्यातली म्हातारी माणसं वर्षानुवर्षं लेकीकडे गेली नव्हती ती जायला लागली. भांडण होतं ते आधारवरनं. अर्ध्या गावाची जन्मतारीख 1 जानेवारी, तीही कॅम्पात कुणीतरी अंदाजे टाकलेली. एक आजोबा आधारवर 71 आणि शेजारी बसलेला त्यांचा मुलगा आधारवर 62!! म्हटलं आजोबा नवव्या वर्षी लग्न केलं का. गाडीतले सगळे हसले, आजोबा पण हसले, पण मशीन काय हसत नाही, मला अर्धं तिकीट फाडावंच लागतं नाहीतर चेकिंगला माझ्या पगारातनं जातंय.

तालुक्याच्या ज्येष्ठ नागरिक संघवाल्यांनी काय केलं, आमच्या डेपो मॅनेजरांना भेटून स्टँडवरच बाजाराच्या दिवशी आधार दुरुस्तीचा कॅम्प लावला. शाळा सोडल्याचे जुने दाखले काढून आणायला कॉलेजची पोरं लावली. सगळ्यांचं नाही झालं, ज्या बायका शाळेतच गेल्या नाहीत त्यांचं घोडं तिथंच अडलं. पण भांडणं पुष्कळ कमी झाली, डोक्याला शांतता.

थोरली सून
सगळे छान छान लिहितायत, माझं थोडं वेगळं आहे, चालेल ना?

माझ्या नवऱ्याचं आणि माझं पटत नव्हतं, तो दुसरीकडे राहायला गेला. मग सासऱ्यांच्या नावाने याच कायद्याखाली अर्ज झाला की सून त्रास देते, घर आमचं आहे, तिला बाहेर काढा. सासरे बिचारे गप्प, अर्ज लिहिला कुणी ते सगळ्यांना माहीत होतं. मी त्यांना डायलिसिसला नेत होते आठवड्यातून दोनदा, रिक्षाने. मला एका संस्थेतल्या ताईंनी सांगितलं की 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने बंगळुरूच्या एका केसमध्ये हेच म्हटलंय, ज्येष्ठांच्या कायद्याचा उपयोग करून सुनेचा राहत्या घरातला हक्क असा झटपट उडवता येत नाही, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने तिला जो निवारा मिळतो त्याचाही विचार करावा लागतो. तो निकाल दाखवल्यावर अर्ज पुढे सरकला नाही. सासरे गेले, शेवटपर्यंत मीच होते जवळ. संघवाल्यांना विनंती एकच, म्हाताऱ्यांची सही घ्यायच्या आधी त्यांच्याशी एकट्याने, मुलगा खोलीबाहेर ठेवून बोला.

मावळतीकर
थोरली सून, चालेल काय, हे यायलाच हवं होतं. आमच्याकडे पण मुलगेच वडिलांना हाताला धरून घेऊन येतात आणि वडिलांच्या वतीने सगळं तेच बोलतात, भावाच्या विरुद्ध बहुतेक. आता मी चहा सांगण्याच्या निमित्ताने मुलाला खाली पिटाळतो.

कापूसगाव
आमचं दुखणं पोरांशी नाही सरकारशी आहे भाऊ. सूतगिरणीत 24 वर्षं काढली, ईपीएस 95 ची, म्हणजे 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन येते 1,171 रुपये. बरोबर वाचलं, महिन्याचे. पगारातनं 12 टक्के कापले जायचे, मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के पेन्शन फंडात जायचे, आणि त्यालाही पगाराची मर्यादा धरलेली म्हणून शेवटी हातात हे. कमीत कमी पेन्शन 2014 साली हजार केली ती तिथंच आहे, महागाई भत्ता नाही की काही नाही. गरीब म्हाताऱ्यांच्या श्रावणबाळ योजनेवाल्याला दीड हजार मिळतात, मिळावेतच, पण ज्यानं जन्मभर कापून दिले त्याला त्याच्याहून कमी हा कुठला हिशेब.

बुलडाण्याला कलेक्टर कचेरीपुढं आमचं साखळी उपोषण डिसेंबर 2018 ला सुरू झालं, कमांडर अशोक राऊत यांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीचं. मागणी साडेसात हजार अधिक महागाई भत्ता आणि नवराबायकोला फुकट औषधोपचार. मी पण माझ्या पाळीला जाऊन बसलेलो आहे. मंडपात काय असतं, सतरंजी, पाण्याचा माठ, हजेरीचं रजिस्टर आणि सगळ्यांच्या खिशात गोळ्यांची पुडी. कुणी एसटीतला, कुणी साखर कारखान्यातला, कुणी वीज मंडळातला. रजिस्टरमधलं एखादं नाव पुढच्या पाळीला येत नाही तर आधी विचारतात आजारी आहे का, मग विचारत नाहीत. आश्वासनं पुष्कळ झाली. सोबत कोण म्हणाल तर सोबतीला तोटा नाही, आम्ही लाखांनी आहोत, ऐकणारा पाहिजे.

कृष्णाकाठ
मी न्यू जर्सीत, आई सांगलीला एकटी, फॅमिली पेन्शन. नोव्हेंबर आला की माझ्या पोटात गोळा यायचा कारण हयातीचा दाखला. आईची बोटं भांडी आणि शिवणकाम करून इतकी झिजलीयेत की ठसा उमटतच नाही, बँकेतला मुलगा म्हणायचा ओला रुमाल लावा, पुसा, परत दाबा, दुसरं बोट, तिसरं बोट, मागे रांग वाढत चाललेली आणि आई व्हिडिओ कॉलवर मला म्हणतेय "अरे मी जिवंत आहे की नाही तूच सांग यांना". दोन प्रकारांनी सुटका झाली. एक म्हणजे पोस्टमन घरी येऊन 70 रुपयांत डिजिटल दाखला करून देतो, आणि दुसरं, आता चेहऱ्यावरून मोबाईलवरच होतं. पहिल्या वर्षी शेजारच्या बारावीतल्या मुलीने करून दिलं, तेव्हापासून ती पूर्ण गल्लीचं करते, चहा पोहे घेऊन.

दुसरं, आई पडली तेव्हा बँक म्हणे समक्ष या, सही जुळत नाही. तिथल्या ज्येष्ठ नागरिक संघातले एक काका, निवृत्त हेडमास्तर, रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर 2017 च्या परिपत्रकाची प्रिंट घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसले. सत्तरीच्या पुढच्यांना रोख रक्कम, डिमांड ड्राफ्ट घरपोच द्यायचे, केवायसीचे कागद आणि हयातीचा दाखला घरी येऊन घ्यायचा असं त्यात आहे. मॅनेजर म्हणे आमच्याकडे स्टाफ नाही. काका म्हणाले लेखी द्या. लेखी कुणी देतंय होय! त्याच दुपारी माणूस घरी. मी इथून केलेल्या ईमेलना शून्य उत्तरं आली होती.

खिडकीजवळ
आमचं छोटंसं. चौकातला सिग्नल इतका घाईचा की काठीवाला माणूस अर्ध्यात पोचेपर्यंत लाल. संघाने वॉर्ड ऑफिसला आणि ट्रॅफिकवाल्यांना निवेदन दिलं, काही नाही. मग सहीसलामत चालणाऱ्या सगळ्यांनी ठरवून सकाळी एकाच वेळी, अगदी नियमाने, हिरव्यावरच, पण आपापल्या गतीने रस्ता ओलांडायला सुरुवात केली. रोज. हॉर्न काय शिव्या काय विचारू नका. पंधरवड्यात सिग्नलची वेळ वाढली. बाक मागितले ते पण मिळाले, पाठीवर नगरसेवकाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात आणि बसायची जागा इतकी खोल की बसलेला माणूस उठायला दुसरा माणूस लागतो.

मावळतीकर
😂 आमच्याकडे पण तेच बाक!

एक गोष्ट लिहायची राहिली, कारण व्यक्तिगत निरोपात तेच विचारतायत. घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करणार असाल तर सांभाळ करण्याची अट त्याच दस्तात स्पष्ट लिहून घ्या. याच 2007 च्या कायद्याच्या कलम 23 नुसार सांभाळ केला नाही तर बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, पण डिसेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तशी अट असल्याचं दिसायला हवं. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने निकाल लागला आणि कायदा ज्येष्ठांच्या हिताने वाचा असं म्हटलं गेलं, तिथे सांभाळायचं वचन त्याच दिवशी वेगळ्या कागदावर लिहून घेतलेलं होतं. म्हणजे कागद हवाच. "आमचा मुलगा तसा नाही" म्हणणाऱ्यांना मी म्हणतो, मग अट लिहायला त्याची हरकत नसणारच. आणि घर हातचं जाऊच द्यायचं नसेल तर मृत्युपत्र करा, बक्षीसपत्राची घाई कशाला.

आणि 14567 ही एल्डरलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ, फुकट. कुणी रस्त्यावर सोडलेलं आजी आजोबा दिसले तर फोटो काढून ग्रुपवर फिरवण्याआधी इथे फोन करा.

भाचा
माझे मामा अविवाहित आहेत, वय 74, मुलंबाळं नाहीत. शेती चुलतभाऊ कसतात आणि उत्पन्नातलं काही देत नाहीत. हा कायदा फक्त मुलांवरच लागतो ना?

मावळतीकर
नाही, मूल नसलेल्या ज्येष्ठाला अशा नातेवाईकाकडूनही मागता येतं ज्याच्या ताब्यात त्याची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती पुढे वारसाने मिळणार आहे, फक्त तो कायदेशीर वारस, सज्ञान आणि ऐपतदार हवा. चुलतभाऊ जमीन कसतायत म्हणजे ताब्याचा मुद्दा आहेच, ते वारस ठरतात का तेवढं विचारून घे. सातबारा काढ, पीकपाण्याला कुणाचं नाव लागलंय ते बघ, मामांचं आधार आणि बँकेचं पासबुक घे. अर्जावर सही मामांची, किंवा त्यांनी तुला लेखी अधिकार द्यायचा. आणि तारखेला तू जा रे बाबा सोबत, नुसता अर्ज टाइप करून देऊ नकोस.

भाचा
सातबारा ऑनलाइन काढला आत्ता. पीकपाण्यात चुलतभावाचंच नाव आहे. सोमवारी जातो गावी.