बनियन म्हणजे केवळ वाढलेले हाड नव्हे
पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी आलेला उंचवटा, म्हणजेच बनियन (bunion), शस्त्रक्रियेने तासला की प्रश्न मिटला, हे मत मला पटत नाही. बनियनमध्ये अंगठ्यामागचे लांब हाड दुसऱ्या पावलाच्या दिशेने सरकते, अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो आणि त्या सांध्याचा कोन १५ अंशांहून अधिक होतो; म्हणून हाडाची दिशा न सुधारता नुसता उंचवटा तासला, तर तो पुन्हा दिसू लागण्याची शक्यता बरीच असते. अंगठा सरळ धरण्यासाठी रात्री बांधायच्या पट्ट्यांनीही मोठ्या माणसांचे हाड जागेवर येत नाही. आधी कागदावर उभे राहून पाऊल रेखाटावे आणि त्यावर बूट ठेवावा. रेघ बाहेर दिसली, तर तो बूट, कितीही आवडता असो, सोडावाच. एवढे करूनही वेदनेमुळे रोजचे चालणे अडू लागले, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा. केवळ दिसण्यासाठी ती करू नये.