मदत हवी आहे : ठमीचं ऑपरेशन ("देऊन टाका" हा सल्ला सोडून)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी भांडुपला डोंगरावरच्या वस्तीत राहतात. एकट्याच. सात वर्षांपूर्वी पावसात गटाराच्या कडेला सापडलेलं पिल्लू त्यांनी घरी आणलं, तीच ठमी. गावठी, तांबूस, एक कान कायम पडलेला. पहाटे मावशी पाण्याच्या लायनीत उभ्या असतात तेव्हा ही हंड्याला टेकून बसते.

चार दिवस झाले, ठमी जेवत नाही, पाणी मात्र सारखं पिते, आणि मागून घाण वासाचा स्राव जातोय. महिन्यापूर्वी माजावर येऊन गेली होती. जवळच्या खाजगी डॉक्टरांनी गर्भाशयात पू झाल्याचं सांगितलं. ऑपरेशनचे २२ हजार. मावशींची चार घरची कामं मिळून महिन्याला १४ हजार होतात. तिथेच रांगेतल्या एका बाईंनी सुनावलं, "परवडत नाही तर पाळता कशाला?" मावशी तेव्हा गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "ताई, कुठं चांगल्या वस्तीत सोडून येऊ का? मोठ्या घरचं कुणी बघंल तिला."

कमी खर्चात ऑपरेशन कुठे होईल? आणि मावशी सकाळी ७ ते दुपारी ३ कामावर असतात, नंतर ठमीकडे बघणार कोण? पैशांचं मी काही जमवेन, पण त्या फुकट घेणार नाहीत. महिन्याला ५०० परत करणार म्हणून आत्ताच हटून बसल्यात.

गोचीड : पशुवैद्य आहे, म्हणून आधी हे. लक्षणं पायोमेट्राचीच वाटतात. गोळ्यांवर भागवू म्हणून दिवस काढू नका, गर्भाशय आणि अंडाशय काढणं हाच खात्रीचा उपाय. ओकाऱ्या सुरू झाल्या, किंवा स्राव एकदम थांबून पोट फुगलं, तर बरी झाली असं समजू नका. तो जास्त धोका. वेळेवर नसबंदी झाली असती तर ही वेळ आली नसती, पण ते आत्ता मावशींना ऐकवू नका.

डबलडेकर : परळचं बैलघोडा हॉस्पिटल! पाटीवर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट असं लांबलचक नाव आहे, टॅक्सीवाल्याला बैलघोडाच सांगा. १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच आहे. आमच्या बोक्याचं ऑपरेशन तिथेच झालं, खाजगीपेक्षा बरंच कमी पैशांत. सकाळी लवकर पोचा आणि पैशांची अडचण केसपेपर काढतानाच सांगा, बिल हातात आल्यावर नाही. खरी गोची प्रवासाची. रिक्षा सायनच्या पुढे जात नाही आणि टॅक्सीवाले कुत्रं बघितलं की मीटर खाली टाकत नाहीत.

चहाबाज : एवढे पैसे एखाद्या माणसाच्या औषधाला दिले असते तर?

डबलडेकर : @चहाबाज, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथेही देतो.

खिडकीपाशी : सोडून येण्याचा विचार मनातून काढायला लावा. घरात वाढलेली कुत्री अनोळखी गल्लीत तिथल्या कुत्र्यांपुढे टिकत नाही. शिवाय उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मावशींना कायद्याचा धाक घालू नका, नुसतं कुत्र्यांचं सांगा. वस्तीत पुढेमागे इमारत झाली आणि कमिटीने "कुत्रं नको" म्हटलं, तर पशुकल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक दाखवा. बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही.

ऑपरेशननंतर टाके निघेपर्यंत दिवसा ठमीला माझ्याकडे ठेवते. मुलुंडला आहे, घरीच असते. रात्री मात्र मावशींनी घेऊन जावं, नाहीतर ती जेवायची नाही. माझ्या कुत्रीला मीही असंच एकदा दुसऱ्यांकडे ठेवलं होतं, तीन दिवस दाराकडे तोंड करून बसली होती.

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार. @खिडकीपाशी, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. मावशींना सांगितलं तर पहिला प्रश्न, "त्या बाईंकडं चटई आहे का? फरशीवर निजत नाय ती." उद्या सकाळी ६ ला भांडुपहून परळला निघायचंय. गाडी असलेलं कुणी आहे का? मागच्या सीटवर घालायला जुनी चादर आम्ही आणू.