‘माय प्लेट’चे आकडे डॉक्टरांना दाखवून काय विचारायचं?

प्रश्न
वडील ६२ वर्षांचे, मधुमेह आणि बीपी. ग्लिमेपिराइड (साखरेची गोळी), टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) चालू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेतलं रोजचं ताट, म्हणजे ‘माय प्लेट’, असं आहे: धान्यं २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे-तेलबिया ३५, तेल २७, दूध-दही ३०० मिली. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय, वेळ मिळतो पाच मिनिटं. काय विचारू?

प्रतिसाद १
हे आकडे २००० किलोकॅलरींचे आहेत, आणि धान्य-डाळींचं वजन कोरडं धरलंय. गल्लत इथेच होते: शिजलेला भात २५० ग्रॅम मोजला तर तांदूळ जेमतेम ८०-९० ग्रॅम भरतो. त्यामुळे पहिला प्रश्न हाच, बाबांना २००० लागतात की कमी?

सोबत तीन दिवसांच्या खाण्याची नोंद न्या, त्यात एक रविवार किंवा उपवासाचा दिवस हवाच (साबुदाणा तिथेच सापडतो). ‘तेल कमीच असतं’ हे सांगून उपयोग नाही. महिन्याचं तेल भागिले घरातली माणसं करा. २७ ग्रॅम रोज म्हणजे तळणासकट महिन्याला माणशी ९०० मिलीच्या आत.

प्रतिसाद २
त्याआधी गोळ्यांचं बोला. ग्लिमेपिराइड तेवढीच ठेवून भात-पोळी एकदम निम्म्यावर आणली तर साखर उतरते: घाम, थरथर, चक्कर. म्हणून विचारा की धान्य किती कमी करायचं, डोस बदलायचा का, पहिले काही दिवस साखर कधी तपासायची. ७०च्या खाली गेली तर शुद्धीवर असताना तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची; हेही त्यांच्याकडून पक्कं करून घ्या.

टेल्मिसार्टनने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, ते न विचारता आणू नका. क्रिएटिनिन, ईजीएफआर (दोन्ही मूत्रपिंडांच्या तपासण्या) आणि पोटॅशियमचे रिपोर्ट दाखवा. ताट निरोगी माणसासाठी आखलंय. मूत्रपिंडं कमजोर असतील तर डाळी, फळं, शहाळं सगळ्याचंच माप बदलू शकतं.

प्रतिसाद ३
मिठाचं राहिलं. मर्यादा रोज ५ ग्रॅम, म्हणजे चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम, आणि यातच लोणचं, पापड, फरसाण आलं. किलोची पिशवी महिन्यातच संपत असेल तर तेही सांगा.

डॉक्टर ‘गोड-तेलकट बंद’ म्हणून थांबले तर ‘दुपारी पोळ्या किती, भात किती वाट्या?’ असं थेट विचारा आणि चिठ्ठीवरच लिहून घ्या. वाटीही घरचीच न्या, प्रत्येकाची वाटी वेगळी असते.